हेझलनट लावण्याआधी

न्यू जर्सीपासून इलिनॉय-मिनेसोटापर्यंत राहणाऱ्या ज्या मराठी घरांना मागच्या अंगणात खाण्याजोगं काही लावायचं आहे, त्यांना मी अमेरिकन हेझलनटचं देशी झुडूप आवर्जून सुचवेन. सोबत एक इशाराही देईन. हे झुडूप हातचं जातं ते मशागतीत नव्हे, खरेदीत. वर्षानुवर्षं पाणी घातलं, झुडूप डोक्याच्या वर गेलं, तरी फळ धरत नाही म्हणून दोष मातीला, थंडीला नाहीतर खारींना दिला जातो. अशा वेळी सगळ्यात आधी बघावं की आसपास दुसरं झुडूप आहे का.

हेझलनट स्वतःच्या परागावर फळत नाही. नर आणि मादी फुलं एकाच झुडपावर येतात, तरी मादी फूल स्वतःच्या झुडपाचे पराग नाकारतं. नराचे तुरे शरद ऋतूतच तयार होतात, हिवाळाभर ताठ आणि मिटलेले राहतात आणि थंडी ओसरताना, पानं फुटण्याआधी, सैल होऊन लोंबू लागतात व पिवळे पराग वाऱ्यावर सोडतात. मादी फूल मात्र शोधावं लागतं. फांदी डोळ्यांजवळ धरली तर फुगलेल्या कळीच्या टोकातून काही मिलिमीटरांचे गर्द तांबडे धागे बाहेर आलेले दिसतात, तेच फूल. पराग पोचले तरी प्रत्यक्ष फलन व्हायला काही महिने लागतात, त्यामुळे मार्चमधली उणीव उन्हाळा सरेपर्यंत कळतच नाही. म्हणून किमान तीन झुडपं लावावीत, आठ-दहा फुटांवर, भरपूर उन्हात, आणि तीही बियांपासून वाढवलेली. एकाच झुडपाचे मुळाजवळचे फुटवे तीन ठिकाणी लावले, तर ती दिसायला तीन आणि परागासाठी एकच. मिझुरीसारख्या राज्याच्या संवर्धन खात्याची रोपवाटिका बियांची रोपं स्वस्तात विकते; आपल्या राज्यात तशी सोय आहे का, ते आधी पाहावं.

यावर हमखास विचारलं जातं की देशी फळ लहान आणि जाड कवचाचं, मग बाजारात मिळतं तसं टपोरं युरोपीय हेझलनट का लावू नये? फळाबद्दलचं म्हणणं खरं आहे. पण पूर्वेकडच्या देशी झुडपांत एक बुरशी मूळचीच वस्तीला आहे. देशी झुडूप तिच्यासोबत निभावून नेतं. युरोपीय झुडपाच्या फांद्यांवर मात्र काळ्या फोडांच्या रांगा उठतात आणि काही वर्षांत झाड वाळतं. अमेरिकेचं हेझलनट जवळजवळ सगळं पश्चिमेला ऑरेगनमध्ये पिकतं, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे, आणि पुढे ही बुरशी तिकडेही पोचल्यावर तिथल्या बागायतदारांना रोगप्रतिकारक वाणांकडे वळावं लागलं. टपोरं फळच हवं असेल तर न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाने 2020 मध्ये पूर्वेसाठी आणलेले प्रतिकारक वाण पाहावेत. तेही एकट्याने फळत नाहीत.

दुसरा आक्षेप खारींचा. सगळं त्याच खाणार, मग कष्ट कशाला? माझ्या मते झुडूप लावतानाच त्यांचा वाटा धरायला हवा. हिवाळ्यात दुसरं काही नसताना ग्राउससारखे पक्षी याच तुऱ्यांवर जगतात, पानांवरच्या अळ्या पिल्लांच्या तोंडी जातात, आणि खारींनी व ब्लू जे पक्ष्यांनी पुरून विसरलेल्या बियांतूनच नवी रोपं उगवतात. तरीही घरी काही हवं असेल तर वेळ साधावी लागते. ऑगस्टच्या अखेरीस झालरीसारखं आवरण अजून हिरवट असतानाच आतलं फळ बोटाने हलवून पाहावं. ते सुटं फिरलं की तोडावं आणि जाळीच्या झाकणाखाली पसरून वाळवावं. आवरण तपकिरी होईपर्यंत थांबणाऱ्याला सहसा रिकामं झुडूप मिळतं. कवचाला बारीक गोल भोक असलं तर आतला गर अळीने खाल्लेला असतो. गळलेली फळं उचलून टाकली तर पुढच्या वर्षी तिचा त्रास कमी होतो.

छाटणीबद्दल एकच सांगतो. कुंपणासारखा शेंडा सरळ कापू नका, कारण येत्या वर्षीचे तुरे आणि कळ्या त्याच कोवळ्या फांद्यांवर असतात. हिवाळ्यात सर्वांत जुन्या एक-दोन फांद्या जमिनीलगत काढल्या की पुरे. पहिली दोन वर्षं हरणं आणि ससे रोप कुरतडतात, तेव्हा भोवती जाळी लावा. आणि घरात कुणाला हेझलनटची ॲलर्जी असेल तर हे झुडूप लावूच नका. फळच नव्हे, त्याचे परागही त्रास देऊ शकतात.