विहिरीकाठचा काळा डाग

माझ्या लहानपणी मुकुटबनच्या शिवारात आमच्या विहिरीच्या काठी ऑइल इंजिन धडधडत असे. त्यातील जळके तेल बदलले की ते तेथेच बांधाशी ओतून देण्याची रीत होती. त्या जागेवर पऱ्हाटी कधी गुडघ्याच्या वर गेली नाही. रोपे पिवळी पडत आणि आम्ही जमिनीला नापीक म्हणून मोकळे होत असू. जमिनीचा त्यात काडीचाही दोष नव्हता!

मुलांनो, तेल मातीत मुरले म्हणजे मातीच्या कणांवर त्याचा लेप बसतो. मग पाऊस पडूनही माती नीट भिजत नाही, आणि कणांमधील पोकळ्या बुजल्याने मुळांना हवा मिळत नाही. शिवाय मातीत तेल खाणारे सूक्ष्म जिवाणू असतात. तेलावर वाढताना ते मातीतील नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. पिकाची उपासमार होते. आपल्या काळ्या जमिनीला तर उन्हाळ्यात हातहात खोल भेगा पडतात. त्यांतून तेल थेट खाली उतरते.

ते पिकात शिरते काय? जड तेल पाण्यात विरघळत नाही; ते बहुधा मुळाच्या सालीलाच चिकटून राहते. कापसाचे एक वेळ ठीक, पण गाजर-मुळ्याचे आपण मूळच खातो! बेंझीनसारखी हलकी द्रव्ये मात्र पाण्यात थोडी विरघळतात व पाण्याबरोबर रोपात चढू शकतात.

मुळांचा श्वास असाच कोंडला तो समुद्रकाठी. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले. खारफुटीची मुळे श्वासासाठी चिखलातून वर डोकावतात. त्यांवरच तेल बसले. त्या वेळी किनाऱ्याच्या सफाईसाठी दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेने तयार केलेले तेलभक्षक जिवाणू वापरण्यात आले.

माझ्या वडिलांनी हे शास्त्र वाचलेले नव्हते. त्यांनी जळके तेल डब्यात साठविण्यास आरंभ केला, ती जागा वारंवार वखरली आणि तीत शेणखत घातले. हवा, ओल व नत्र मिळताच मातीतले जिवाणू कामाला लागले असावेत. तिसऱ्या पावसाळ्यात तेथील पऱ्हाटी माझ्या कमरेला लागली. विहिरीच्या पाण्यावर मात्र सकाळच्या उन्हात तेलाचा सप्तरंगी तवंग पुढेही कित्येक वर्षे चमकत असे.