टूलटिप लावण्याआधी

अकोल्यातल्या एका अडत्याच्या संकेतस्थळाची दुरुस्ती माझ्याकडे आली, तेव्हा दुकानात फोनवर सारखी एकच विचारणा होत असे: "भाऊ, हे तीन-तीन भाव कायचे हायेत? माह्या तुरीले कोनता लागू होते?" पानावर क्विंटलमागे कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे दर होते. बहुतेक माल ज्या दराने विकला गेला तो सर्वसाधारण दर, हा खुलासाही होता, पण टूलटिपमध्ये. माउस वर नेल्याशिवाय तो दिसत नाही, आणि मूर्तिजापूर-दर्यापूरकडचा शेतकरी भाव पाहतो मोबाइलवर.

दुसरं दुखणं सर्व्हरवरच्या कोडचं होतं. पान एएसपी डॉट नेटच्या वेब फॉर्म्समध्ये केलेलं. शेतमालाच्या ड्रॉपडाउनमधल्या प्रत्येक नावाला कोडमधून टायटल, म्हणजे टूलटिपचा मजकूर, जोडलेलं. पान पहिल्यांदा उघडलं की सगळं ठीक. तूर निवडली, पान सर्व्हरवर जाऊन परत आलं, की टिपा गायब! कंट्रोलची स्वतःची टूलटिप व्ह्यूस्टेटमध्ये टिकते, पण यादीतल्या एकेका आयटमला जोडलेली अ‍ॅट्रिब्यूट टिकत नाहीत. म्हणून यादी भरायचं काम पोस्टबॅक नसतानाच करा, पण टायटल जोडायचं काम त्या अटीबाहेर काढून प्रीरेंडरमध्ये ठेवा. मग ते दर वेळी होतं.

हा मजकूर डेटाबेसमधून येत असेल तर एचटीएमएलची ओळ हाताने जुळवू नका. मजकुरात एक दुहेरी अवतरणचिन्ह आलं की टायटल तिथेच तुटतं, आणि कुणी मुद्दाम घातलेली स्क्रिप्टही पानात शिरते. कंट्रोलच्या टूलटिप गुणधर्मातून दिलेला मजकूर डॉट नेट स्वतः एन्कोड करतं. पीएचपीत मात्र एचटीएमएलस्पेशलचार्स आठवणीने वापरावं लागतं.

एवढं करूनही मूळ अडचण राहतेच. एचटीएमएलचं प्रमाणच सांगतं की टायटलवर विसंबू नका, कारण टचस्क्रीनवर किंवा नुसत्या कीबोर्डवर काम करणाऱ्याला ते सहसा दिसत नाही. आम्ही दराचा खुलासा तक्त्याच्या मथळ्याखाली सरळ छापला. टूलटिपमध्ये राहिली फक्त नोंद चढवल्याची वेळ. ती वाचली नाही तरी कुणाचं अडत नाही.

अमरावतीत असा की अकोल्यात, बाजारभावाचं किंवा अर्जाचं पान करत असाल तर ते सुरू करण्याआधी साध्या मोबाइलवर उघडा, आणि ज्याला माल विकायचा आहे त्याच्याच हातात द्या.