बार्ड : दुसऱ्यासाठी गाणारे पात्र

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून, बोलून व फासे टाकून खेळावयाच्या या खेळात प्रत्येक खेळाडू आपले पात्र स्वतः घडवितो. त्यांपैकी गायक-कथेकऱ्याचे पात्र म्हणजे बार्ड. हा शब्द मूळचा केल्टिक भाषांतील होय.

१९७८ च्या नियमपुस्तकात बार्ड होणे कठीण होते. आधी योद्धा, मग चोर, त्यानंतर ड्रुइडांकडे विद्या, असा क्रम होता. २०१४ च्या आवृत्तीत मात्र पहिल्या पातळीपासूनच बार्ड होता येते. त्याचे मुख्य सामर्थ्य स्फूर्ती देण्यात आहे. तो सोबत्याला सहा बाजूंचा एक जादा फासा देतो. कठीण प्रसंगी सोबत्याने त्यावरील आकडा आपल्या वीस बाजूंच्या फाशाच्या आकड्यात मिळवावयाचा. हा फासा बार्डला स्वतःसाठी वापरता येत नाही.

पात्राचे सारे मर्म या एका नियमात आहे. म्हणून वाद्य आणि पोशाख ठरविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. याला गाणे कोणी शिकविले? कोणाची कथा विसरली जाऊ नये, असे याला वाटते? आणि सोबत्यांपैकी धीर खचलेला कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर तो उत्तम गवई होईल. बार्ड होणार नाही.