कुंभकोणम परिसरातील प्रल्हादनाट्य : सत् आणि असत् यांचा विचार

बालकाचे प्रौढत्वाकडे होणारे संक्रमण आणि सत्-असतांचा संघर्ष हे दोन विषय अद्भुत वाङ्मयात वारंवार एकत्र येतात. बालकाला जगाची ओळख होते ती प्रथम भयाच्या रूपाने. घराबाहेर काही काळोखे आहे हे त्याला कळते, आणि पुढे तोच काळोख घरातही असू शकतो हेही कळून चुकते. या दुसऱ्या जाणिवेपासून त्याचे बाल्य सरू लागते. आधुनिक काळात हा विषय प्रामुख्याने कादंबरीने हाताळला असला, तरी आपल्याकडे तो पुराणकथेने, कीर्तनाने आणि नाट्याने फार पूर्वीच हाताळला आहे. त्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे कावेरीकाठच्या कुंभकोणम परिसरात होणारे प्रल्हादचरित्राचे प्रयोग होत.

या परिसराचा मराठीशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात व्यंकोजी भोसले यांनी तंजावर येथे राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. या काळात अनेक मराठीभाषक घराणी कुंभकोणम व आसपासच्या गावी स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण म्हणून ख्याती पावलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथेच झाला. राज्यकर्ते मराठी, लोकभाषा तमिळ, नाट्य-संगीताची भाषा तेलुगू आणि शास्त्राची भाषा संस्कृत, असा हा चतुर्विध व्यवहार होता. त्यातच भागवतमेळा हा नाट्यप्रकार बहरला. मेलट्टूर, शालियमंगलम आणि कुंभकोणमजवळील तेप्पेरुमानल्लूर ही त्याची प्रसिद्ध स्थाने होत. मेलट्टूरचे वेंकटराम शास्त्री यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या काळात तेलुगूत जी नाटके रचली, त्यांत 'प्रह्लादचरित्रमु' हे अग्रगण्य मानले जाते. नृसिंहजयंतीच्या सुमारास, रात्रीच्या वेळी, देवळासमोर त्याचा प्रयोग होतो. सर्व भूमिका पुरुषच करतात. विदूषकवजा कोणंगीचे नृत्य, गणपतीचा मुखवटा धारण केलेल्या बालकाचा प्रवेश आणि त्यानंतर प्रत्येक पात्राचा प्रवेश-दरू असा त्याचा क्रम असतो. तंजावरच्या राजांनी रचलेल्या मराठी नाटकांतही 'दरू' ही संज्ञा आढळते, हे मराठी अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कथेचा मूलाधार म्हणजे भागवताचा सातवा स्कंध. तेथील असत् एकरंगी नाही, ही पहिली लक्षणीय गोष्ट. हिरण्यकशिपू हा मुळात वैकुंठाच्या दोन द्वारपालांपैकी एक. सनकादिक बालऋषींना दारात अडविल्याबद्दल त्याला शाप मिळाला आणि त्याचा असुरयोनीत जन्म झाला. म्हणजे असत् हे सत्पासून सर्वस्वी भिन्न असे स्वतंत्र तत्त्व नव्हे. ते सत्च्याच दारातून बाहेर पडलेले आहे. त्याच्या द्वेषालाही कारण आहे. त्याचा भाऊ हिरण्याक्ष वराहरूपी विष्णूच्या हातून मारला गेला आणि त्या शोकातून हा द्वेष उपजला. याच प्रसंगी तो शोकाकुल आईला आणि भावजयीला धीर देण्यासाठी एक कथा सांगतो. युद्धात पडलेल्या एका राजाच्या प्रेताभोवती आप्तजन आक्रोश करीत असता, यम बालकाच्या रूपाने तेथे येतो आणि त्या वडीलधाऱ्यांना मृत्यूचे तत्त्व समजावून देतो, अशी ती कथा आहे. बालकाच्या मुखातून ज्ञान प्रकट होऊ शकते हे ज्याने स्वतः इतरांना सांगितले, त्यालाच पुढे आपल्या बालकाचे बोल सोसवत नाहीत. हिरण्यकशिपूचे दुष्टत्व अज्ञानातून आलेले नाही. जे माहीत आहे ते स्वतःला लागू करण्यास त्याने दिलेला नकार, हे त्या दुष्टत्वाचे खरे स्वरूप होय.

पिता-पुत्रांच्या संबंधाचे चित्रण करताना भागवतकारांनी मांडी या एकाच स्थानाचा फार अर्थपूर्ण उपयोग केला आहे. गुरुगृहाहून परतलेल्या प्रल्हादाला राजा मांडीवर घेतो आणि तुला सर्वांत चांगले काय वाटते, असे कौतुकाने विचारतो. हा प्रश्न कपटाचा नाही, खऱ्या वात्सल्याचा आहे. उत्तर मात्र अनपेक्षित येते. पहिल्यांदा तो हसून सोडून देतो, मुलाची बुद्धी परक्यांनी फिरविली असे मानतो आणि त्याला पुन्हा शंड-अमर्कांच्या स्वाधीन करतो. दुसऱ्यांदा तेच घडल्यावर मात्र तो मुलाला मांडीवरून जमिनीवर फेकून देतो. याच क्षणी प्रल्हादाचे बालपण संपते. हत्ती, सर्प, विष, अग्नी, कडेलोट ही पुढची सारी छळमालिका म्हणजे या एका फेकण्याचाच विस्तार आहे. अखेरीस नृसिंह हिरण्यकशिपूला उंबरठ्यावर आपल्या मांडीवर घेऊन त्याचा अंत करतो. वरदानातील अटी पाळण्यासाठी ही जागा आवश्यक होती, हे खरे. तथापि ज्या मांडीने पुत्राला झिडकारले तिच्या धन्याला शेवटी दुसऱ्या मांडीवरच मृत्यू यावा, यात कथेची नैतिक संगतीही आहे.

आता प्रश्न असा की या कथेत सत् म्हणजे काय? प्रल्हाद पित्याची आज्ञा मोडतो, पण त्याचा द्वेष करीत नाही. आसुरी बालकांना तो गुरूंच्या पाठीमागे उपदेश करतो, पण बंड पुकारत नाही. पिता मारला गेल्यानंतर स्वतःसाठी काही मागण्याची त्याला इच्छा नाही. तो मागतो ते पित्याची शुद्धी व्हावी एवढेच. नंतर तो पित्याचे उत्तरकार्य करतो आणि मग सिंहासनावर बसतो. प्रौढत्वाची ही तीन पदे विचारात घेण्यासारखी आहेत. पित्याला नकार देणे, त्याच्यासाठी क्षमा मागणे आणि त्याचे क्रियाकर्म करणे. यांपैकी पहिले पद तरुणाईच्या बहुतेक कथांत असते. दुसरे आणि तिसरे पद मात्र फार थोड्या कथांत आढळते. म्हणूनच प्रल्हादाचा विजय हा सूडाचा विजय ठरत नाही.

याच भूमीत, याच काळात, हीच कथा दुसऱ्या एका रचनाकाराने निराळ्या रीतीने मांडली. त्यागराजांच्या (१७६७-१८४७) 'प्रह्लादभक्तिविजयमु' या तेलुगू गेय नाटकाचा आरंभ प्रल्हाद समुद्रात टाकला गेल्यानंतर होतो आणि त्यात हिरण्यकशिपूला किंवा नृसिंहाच्या उग्र प्रकटीकरणाला स्थान नाही. भक्ताची आर्तता आणि देवाची भेट हाच तेथील विषय. असत् रंगभूमीवरून काढून टाकले की भक्तीचे माधुर्य वाढते, यात संशय नाही. परंतु मुलाने मोठे होण्याचा प्रश्नही त्याबरोबरच मावळतो. मेलट्टूरच्या नाटकात पिता शेवटपर्यंत समोर उभा आहे आणि पती व पुत्र यांच्यामध्ये होरपळणारी लीलावतीही आहे. भागवतातील कयाधूला येथे लीलावती हे नाव मिळाले आहे, आणि प्रेक्षकांच्या मनात तिच्या शोकाला मोठे स्थान आहे. असताची खरी किंमत कोणाला मोजावी लागते, हे त्या आईकडे पाहिल्यावर उमगते.

तत्कालीन राजघराण्याचा इतिहासही या संदर्भात उद्बोधक आहे. १७८७ साली तुळजा राजांनी मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. परंतु गादी मिळाली ती अमरसिंहांना, आणि ज्याने सांभाळ करावयाचा त्याच्याच सत्तेखाली त्या मुलाला हालअपेष्टा सोसाव्या लागल्या. मिशनरी श्वार्ट्झ यांनी त्याचा कैवार घेतला, पुढे त्याला मद्रासला नेण्यात आले आणि १७९८ मध्ये तो गादीवर आला. पदच्युत अमरसिंहांना वर्षासन मिळाले व ते कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूर येथे जाऊन राहिले. नाटकाचा या घटनेशी कार्यकारणसंबंध जोडण्याचे प्रयोजन नाही. तथापि पालकच छळक होतो ही गोष्ट त्या काळच्या प्रेक्षकाला केवळ पुराणातील वाटली नसावी, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रयोगाच्या अखेरीस सत्-असतांचा हा विचार दृश्य रूप धारण करतो. नृसिंहाचा मुखवटा ही रंगभूषेची वस्तू नव्हे. तो देवळात पूजिला जातो, आणि तो धारण करणारा नट त्या दिवशी उपवास करतो. मुखवटा चढल्यावर त्याच्या अंगात आवेश येतो, अशी श्रद्धा आहे. नृसिंह आणि हिरण्यकशिपू समोरासमोर येतात तेव्हा नृसिंहाला भोवतीची माणसे धरून ठेवतात. वध प्रत्यक्ष दाखविला जात नाही. येथे एक विलक्षण उलटापालट घडते. रात्रभर ज्याचे भय वाटले तो असुर आता साधा नट ठरतो, आणि भय वाटू लागते ते देवाचे. भागवतातही हेच आहे. देवांना त्या रूपाजवळ जाववत नाही, लक्ष्मीही थबकते आणि अखेर ब्रह्मदेव बालकालाच पुढे पाठवितो. विजयी झालेले सत् आवरले नाही तर तेही संहारक होते, आणि ते आवरण्याचे बळ केवळ निर्वैर मनाच्या ठायी असते, हा या प्रसंगाचा आशय होय.

पाश्चात्त्य अद्भुत कादंबरीशी तुलना केल्यास हा विशेष अधिक स्पष्ट होतो. अर्सुला ल ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कादंबरीत गेड नावाचा तरुण जादूगार अहंकाराच्या भरात एक काळी छाया मुक्त करतो. प्रथम तो तिच्यापासून पळतो, मग तिचा पाठलाग करतो आणि शेवटी तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. तेथे असत् नायकाच्या आत आहे आणि ते आपले म्हणून स्वीकारणे हेच प्रौढत्व आहे. प्रल्हादाच्या अंतःकरणात अशी छाया दिसत नाही. त्याची छाया त्याच्या वंशात आहे, आणि ती तो नाकारत नाही. तो असुरांचाच राजा होतो, विरोचनाचा पिता आणि बलीचा आजोबा होतो. गेड छायेला आपले नाव देतो, तर प्रल्हाद पित्याच्या नावाने पिंड देतो. मार्ग भिन्न असले तरी असताला केवळ परके मानून त्याच्यापासून सुटका होत नाही, या एका निष्कर्षावर दोन्ही कथा येऊन पोचतात.

ही कथा मराठी वाचकाला परकी नाही. मोरोपंतांनी 'प्रल्हादविजय' रचले, आणि आपल्या कीर्तनात प्रल्हाद व ध्रुव ही बालचरित्रे आख्यान म्हणून आजही रंगतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तनाच्या प्रभावाने तंजावर भागात हरिकथेला जे नवे वळण लागले, त्यातून साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते तमिळ कथाकारांच्या मुखी रुळली. बालचरित्रांच्या आख्यानांना दोन्ही प्रदेशांत मिळालेली ही लोकप्रियता केवळ भक्तीपोटी नसावी. प्रत्येक घरात कधी ना कधी मांडीवर बसून प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ मुलावर येते, आणि ते उत्तर ऐकण्याची वेळ पित्यावर येते.

भागवतमेळ्यातील नट व्यावसायिक नसतात. ही परंपरा घराण्यांतून चालत आलेली आहे. प्रल्हादाची भूमिका बालकाची, त्यामुळे ती करणारा मुलगा काही वर्षांनी तिच्याबाहेर वाढतो. पुढे कदाचित त्याच्या वाट्याला हिरण्यकशिपूही येतो. मांडीवरून फेकला गेलेला तोच मुलगा मग दुसऱ्या मुलाला मांडीवर घेऊन तोच प्रश्न विचारतो. सत् आणि असत् या भूमिका वयाबरोबर बदलू शकतात आणि उत्तर देणाऱ्यापेक्षा उत्तर ऐकणाऱ्याची परीक्षा अधिक कठीण असते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. प्रल्हादचरित्राच्या अभ्यासकाने ग्रंथाबरोबर हा प्रयोगही पाहावयास हवा, तो याच कारणासाठी.