स्क्रू बसवण्याआधी

कमरेच्या मणक्यातली नलिका अरुंद झालेल्या माणसाला चालवत नाही, पण सायकल जमते. माझं तेच झालं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलं की पोटऱ्या भरून यायच्या, पाय बधिर व्हायचे. एखाद्या ओट्यावर बसून पुढे वाकलं की थोड्या वेळात मोकळे. वाकल्यावर नलिकेत जरा जागा होते, म्हणून. तुम्हाला नुसतं उभ्या उभ्या थांबूनच बरं वाटत असेल, तर आधी पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या.

गोळ्या, व्यायाम, इंजेक्शन सगळं झालं आणि ऑपरेशन ठरलं. तेव्हा ‘डायनॅमिक’ पद्धत सुचवली गेली. मणके कायमचे जोडायचे नाहीत, कंबर लवचिक राहील, शेजारच्या मणक्यावर ताण कमी येईल. टायटॅनियमचे स्क्रू, त्यांच्यामधून ताणलेली पॉलिएस्टरची दोरी आणि दोरीवर प्लास्टिकची नळी. १९९४ पासून ही पद्धत वापरात आहे आणि ऐकायला कोणालाही पटेल अशीच आहे.

त्यातली मेख मला कोणी सांगितली नाही. मणके जोडले की हळूहळू हाड भरून येतं आणि भार हाड पेलतं. इथे हाड भरून आणायचंच नसतं, त्यामुळे प्रत्येक उठण्या-वाकण्याचा ताण स्क्रूंवर येतच राहतो. माझी हाडं ठिसूळ होती आणि ऑपरेशनआधी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झालीच नव्हती. पायांना आराम पडला, तो खराच. पण काही महिन्यांनी कूस बदलताना कमरेत कळ यायला लागली. एक्स-रेत खालच्या दोन्ही स्क्रूंभोवती बारीक काळी कडा दिसत होती. हाडाने स्क्रूवरची पकड सोडली की ती कडा दिसते. पुन्हा टेबलावर जावं लागलं.

दुसऱ्या सर्जनांनी पहिल्यांदा मागितला तो इम्प्लांटच्या वेष्टनावरचा स्टिकर. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूला तिचंच हत्यार लागतं. तो स्टिकर डिस्चार्जच्या दिवशी फाइलमध्ये चिकटवून मागा. माझ्या फाइलमध्ये नव्हता.

नसांवरचा दाब काढणं आणि मणक्याला आधार देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाय मोकळे होतात ते पहिल्यामुळे. दुसऱ्याची गरज आहे का, हे स्पष्ट विचारा. उभ्याने पुढे आणि मागे वाकून काढलेले एक्स-रे समोर ठेवून मणका खरंच सरकतोय का, ते दाखवायला सांगा. नुसती नलिका मोकळी करून का भागणार नाही, याचं उत्तर घरच्यांसमोर घ्या. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नलिका मोकळी करून वर मणके जोडलेले रुग्ण दोन वर्षांनी, नुसती नलिका मोकळी केलेल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. तो अभ्यास मणके जोडण्याचा होता, डायनॅमिक पद्धतीचा नव्हे. पण जास्तीचं लोखंड म्हणजे जास्तीचा गुण, ही समजूत त्याने माझ्या मनातून काढली.

पाळी गेलेल्या बायकांनी आणि बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांनी स्क्रूला होकार देण्याआधी डेक्सा करून घ्यावीच. साखर आटोक्यात आणा, बिडी-सिगारेट बंद करा. इतका विचार करायला बहुतेकांकडे वेळ असतो, हा आजार हळू वाढतो. मात्र लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर दुसऱ्या मताची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं हॉस्पिटल गाठा.