जुन्या वस्तूला योग्य भाव : ऑनलाईन लिलावातून व्यवहारज्ञानाचा धडा



प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी असते की जी चांगली असूनही पडून आहे. मुलाला लहान पडलेली सायकल, शिकणं सुटल्यावर कोपऱ्यात उभी असलेली हार्मोनियम, नवा फोन घेतल्यावर कपाटात गेलेला जुना फोन. भंगारवाला ती किलोवर नेतो. ओळखीतला माणूस संकोचाने मागतो, आपणही संकोचाने देऊन टाकतो. दोन्हीकडे भाव कमीच मिळतो. आज तीच वस्तू मोबाईलवरून विकता येते. मात्र विकण्याची रीत माहीत हवी. सहावी-सातवीच्या मुलांना नफा-तोटा शिकवताना हा विषय फार उपयोगी पडतो, म्हणून आजचा लेख.

१. लिलाव आपल्याला नवा नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात. तासगावात बेदाण्याचे सौदे निघतात. माल समोर मांडलेला असतो. व्यापारी तो हातात घेतात, रंग बघतात, मग बोली चढत जाते. पूर्वी बऱ्याच बाजारांत कापडाखाली हात धरून, बोटांच्या खुणांनी भाव ठरवायची हत्ता पद्धत होती. शेजारच्याने किती बोललं ते दुसऱ्याला कळत नसे, शेतकऱ्यालाही नीट कळत नसे. उघड लिलावात बोली सगळ्यांना ऐकू येते. फायदा कुणाचा, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. उत्तरं छान येतात.

ऑनलाईन लिलाव म्हणजे हाच उघड सौदा, फक्त माणसं समोरासमोर नसतात. अमेरिकेत १९९५ साली पिअर ओमिद्यार यांनी लिलावाची एक वेबसाईट सुरू केली, तीच पुढे ईबे झाली. तिथे सुरुवातीला विकली गेलेली एक वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. वस्तू बिघडलेली आहे हे ठाऊक आहे ना, असं त्यांनी घेणाऱ्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मी बिघडलेलेच गोळा करतो. आपल्याला निरुपयोगी वाटणाऱ्या वस्तूलाही कुठेतरी गिऱ्हाईक असतं, फक्त तिथपर्यंत पोचावं लागतं.

भारतात २००० साली बाझी डॉट कॉम सुरू झाली. २००४ मध्ये ती ईबेने घेतली आणि २०१८ मध्ये ईबेचं भारतातलं संकेतस्थळ बंद झालं. आज घरगुती वस्तू बहुतेक ओएलएक्ससारख्या ठिकाणी घासाघीस करून किंवा व्हॉट्सअॅप, फेसबुकच्या ग्रुपवर बोली लावून विकल्या जातात. सरकारी कार्यालयांचं भंगार आणि जुनी वाहनं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून जातात. जागा बदलली तरी नियम तेच राहतात.

२. भाव ठरवतो दुसरा माणूस

फळ्यावर हे उदाहरण मांडा. एक वापरलेली सायकल आहे. तीन गिऱ्हाइकं आहेत. पहिला मनातल्या मनात जास्तीत जास्त २,००० रुपये द्यायला तयार आहे, दुसरा २,६०० आणि तिसरा ३,२०० रुपये. बोली ५० रुपयांनी चढते. पहिला २,००० ला थांबतो. दुसरा २,६०० ला थांबतो. मग तिसऱ्याला पुढे जायचं कारणच उरत नाही. सायकल साधारण २,६०० ते २,६५० ला जाते. तिसऱ्याच्या मनातले ३,२०० रुपये बाहेर येतच नाहीत.

आता दुसरा गिऱ्हाईक त्या दिवशी आलाच नाही असं समजा. तीच सायकल, घेणाराही तोच, पण भाव २,००० च्या आसपास अडकतो. वस्तूत काही बदललं नाही, फक्त एक माणूस कमी झाला. म्हणजे भाव जिंकणारा ठरवत नाही, त्याच्या मागचा दुसरा माणूस ठरवतो. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली याचं गणित मांडलं आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

यावरून विकणाऱ्यासाठी पहिला नियम निघतो : एका चांगल्या गिऱ्हाइकावर थांबू नका, किमान दोन खरी गिऱ्हाइकं जमवा. पहिल्या फोनला 'देऊन टाकतो' म्हणू नका. दोन-तीन ग्रुपवर एकाच वेळी टाका, शेवटची तारीख आणि वेळ लिहा आणि ती पाळा. खोटी बोली लावायला मित्राला मात्र सांगू नका. ती फसवणूक आहे, आणि खरा गिऱ्हाईक निघून गेला तर वस्तू मित्राच्याच गळ्यात पडते.

३. सुरुवातीची बोली आणि राखीव किंमत

सुरुवात कमी ठेवली की माणसं येतात, जास्त ठेवली की फिरकत नाहीत. पण फार स्वस्तात जायची भीती असते. त्यासाठी राखीव किंमत असते, म्हणजे याखाली विकणार नाही अशी रेषा. वरच्या उदाहरणात राखीव किंमत २,५०० असती, तर दुसरा आला नसता तरी तिसऱ्याला २,५०० द्यावेच लागले असते. पण दुसरा आणि तिसरा दोघेही आले नसते, तर सायकल विकलीच गेली नसती. राखीव किमतीचा फायदा आहे तसा धोकाही आहे.

म्हणून असं करा. गिऱ्हाईक भरपूर मिळतील अशी वस्तू असेल, उदाहरणार्थ फोन किंवा सायकल, तर सुरुवात कमी ठेवा. गिऱ्हाईक मोजकेच असतील तर राखीव किंमत ठेवा. मिरजेचा जुना तानपुरा घ्या. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असं वाद्य गल्लीतल्या ग्रुपवर टाकून उपयोग नाही. कुणी बनवलं, कधी घेतलं, भोपळ्याला तडा आहे का, हे लिहून संगीत शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकावं आणि घाई करू नये.

किंमत ठरवताना 'मी किती दिले होते' हे विसरा. तीच वस्तू आज नवी केवढ्याला मिळते आणि तशीच जुनी केवढ्याला जाते, हे दोन आकडे बघा. आपली माया गिऱ्हाईक विकत घेत नाही.

४. फोटो, वर्णन आणि खरेपणा

हळद बघायला व्यापारी पोत्यात हात घालतो. ऑनलाईन गिऱ्हाइकाला हात घालता येत नाही. त्याचा हात म्हणजे आपला फोटो आणि आपले शब्द. दिवसाच्या उजेडात, वस्तू पुसून, चारही बाजूंनी फोटो काढा. ओरखडा असेल तर त्याचा वेगळा फोटो द्या. दोष लपवला तर गिऱ्हाईक शंका घेतो आणि शंकेपोटी किंमत कापतो. दोष सांगितला तर तेवढ्याच दोषाचे पैसे कापतो.

आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो : 'पुरात होती का?' २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगली परिसरातली गाडी, फ्रीज किंवा मोटार घेताना लोक हे विचारणारच. पाणी लागलं असेल तर स्पष्ट लिहा, नसेल तर तेही लिहा.

नमुना बघा : _'सायकल, २० इंची, चार वर्षं वापरलेली. मागचा टायर गेल्या वर्षी नवा. घंटी नाही, डाव्या पेडलला ओरखडा. बिल आहे. बोली १,००० पासून. रविवारी रात्री ९ वाजता बंद. कराडमध्ये येऊन बघून न्यावी.'_ जाहिरात लेखनाच्या तासाला असाच मजकूर मुलांकडून लिहून घ्या. भाषाही शिकतात, प्रामाणिकपणाही.

वेळही बघा. सायकल, दप्तर, कंपास यांना जूनमध्ये शाळा भरायच्या आधी मागणी असते. दिवाळीत लोक नवं घेतात आणि जुनं विकायला काढतात, त्यामुळे आपण दिवाळीच्या आधी काढलेलं बरं.

५. पैसे सुरक्षित, कागद पूर्ण

- पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. 'क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे येतील' असं कुणी म्हणालं की व्यवहार तिथेच थांबवा. न बघताच घ्यायला तयार होणारा आणि घाई करणारा गिऱ्हाईक असेल तर सावध राहा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.
- जुन्या नाण्या-नोटांना लाखो रुपये मिळतील म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहा. रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये याबद्दल सावध केलं आहे.
- फोन विकताना खात्यातून बाहेर पडा, सिम आणि कार्ड काढा, मग फॅक्टरी रिसेट करा. मुलांचे फोटो दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका.
- दुचाकी विकली तर नमुना २९ आणि ३० भरून आरसी घेणाऱ्याच्या नावावर झाली का, ते स्वतः बघा. एमएच-१० असो की एमएच-११, कागदावर नाव तुमचं असेल तर अपघाताची भरपाई तुमच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसाच निर्णय दिला आहे.
- शाळेची जुनी वस्तू मात्र अशी विकता येत नाही. तिला निर्लेखनाची रीतसर प्रक्रिया आहे.

६. वर्गातला उपक्रम

प्रत्येक मुलाला कागदाचे १०० 'रुपये' द्या. खोडरबर, गोष्टीचं पुस्तक, भोवरा अशा पाच वस्तू मांडा. पहिली फेरी उघड बोलीची. दुसरी फेरी चिठ्ठीची, जास्त लिहील त्याला वस्तू. तिसरी फेरीही चिठ्ठीची, पण जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या चिठ्ठीएवढेच पैसे द्यायचे. मग विचारा : कोणत्या फेरीत तुम्ही मनातला खरा आकडा लिहिलात? का? शेवटी प्रत्येकाने 'वस्तू मला खरंच तेवढ्याची वाटत होती का' हे वहीत लिहावं. ईर्ष्येपायी सगळे १०० घालवलेलं एखादं मूल प्रत्येक वर्गात निघतं. त्याला हसू देऊ नका. मोठेपणी खऱ्या पैशांनी शिकण्यापेक्षा आज कागदाच्या पैशांनी शिकलेलं स्वस्त पडतं.

पालकांनी घरी एवढं करावं. एखादी जुनी वस्तू विकताना मुलाला सोबत बसवा. फोटो त्याला काढू द्या, वर्णन त्याला लिहू द्या. व्यवहार आणि पैसे मोठ्यांच्याच हातात ठेवा. मिळालेल्या भावाचा हिशेब मात्र त्याच्याकडून करून घ्या. उपक्रम घेतलात तर आपल्या वर्गात काय घडलं ते इतर शिक्षकांनाही जरूर सांगा.