जनावरांची नाडी : हाताने आणि कॅमेऱ्याने

गोठ्यात परका माणूस शिरला, की बैल कान टवकारतो आणि त्याची नाडी जलद होते. प्रस्तुत लेखकाने एकदा गोठ्यात जाताक्षणीच एका बैलाची नाडी पाहिली, ती मिनिटास ९२ भरली. मालकाने हसून घोंगडीवर बसावयास सांगितले. पाव तासाने तीच नाडी ६० होती. पहिलाच आकडा नोंदला असता, तर निरोगी जनावर आजारी ठरले असते.

हात न लावता नाडी मोजता आली, तर ही चूक टळेल. माणसांच्या बाबतीत तशी रीत सिद्ध झाली आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त किंचित वाढते. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश विशेषेकरून शोषून घेते. म्हणून चेहऱ्यावरून परतणारा हिरवा प्रकाश तेवढ्यापुरता अत्यल्प कमी होतो. डोळ्यांस हा फरक दिसत नाही, परंतु सेकंदास १५ ते ३० चित्रे घेणारा साधा कॅमेरा तो टिपतो. व्हर्क्रुइसे, स्वासँड व नेल्सन या संशोधकांनी २००८ साली नेहमीच्याच उजेडात हे दाखवून दिले. संगणक या प्रकाशाचे चढउतार मोजतो, सेकंदास १.२ चढउतार म्हणजे मिनिटास ७२ ठोके.

मात्र गाईबैलांचे अंग केसांनी झाकलेले. तेथे त्वचेचा रंग दिसणार कसा? त्यात माशी हाकलताना मान हलते, झाडाचा कवडसा सरकतो. जनावरांवर प्रयोग झाले आहेत. तथापि मोबाइलवरील आकड्यावर विसंबून औषधोपचार करू नयेत.

तूर्त हाताचीच रीत बरी. जनावर शांत असता ओळखीच्या माणसाने दावे धरावे. शेपटी हळूच उचलून मुळापासून चार-सहा बोटे खाली, आतील अंगास मधोमध दोन बोटांची टोके टेकवावीत. अंगठा वापरू नये. त्यात आपलीच नाडी लागते. पूर्ण मिनिट मोजावे. प्रौढ गाईची नाडी सामान्यतः ४८ ते ८४ असते, वासरांची याहून अधिक.

श्वास मात्र खरोखरच हात न लावता मोजता येतो. चार हातांवर उभे राहून भकाळीची हालचाल पाहावी. एकदा फुगणे व बसणे मिळून एक श्वास. उन्हाळ्यात हा आकडा ६० च्या पुढे गेला, तोंड उघडे पडले व लाळ गळू लागली, तर जनावर तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, प्यावयास पाणी ठेवावे व पशुवैद्यकास बोलवावे. ग्रामसेवकांनी नोंदवहीत आकड्याशेजारी वेळ, आणि जनावर उभे होते की बसलेले, हेही लिहावे.